काही इश्यू नाही

मुखेड
९ फेब्रुवारी २०२५

उज्वला,

तिसरी भाकरी तव्यावर टम्म फुगली आणि ओट्यावरून तू मोठ्यानं वाचलंस, "इफेमरल. म्हणजे क्षणभंगुर." त्याआधी मी अंगण झाडलं होतं, सडा टाकला होता, जळतण आत आणून ठेवलं होतं. नळाला पाणी आलं म्हणून तुझे अप्पा घागरी भरत होते. त्यांनी तिथूनच विचारलं, "काय म्हणायली गं पोरगी?" मी म्हणाले, "भाकरी फुगली की तिला इंग्रजीत काय म्हणतात ते सांगायली." ते हसले. तू पण हसलीस आणि पुस्तकात त्या शब्दापुढं पेन्सिलीनं एक भाकरी काढलीस.

ही सकाळ मला मधूनच आठवते. सण नव्हता, कुणी आलं-गेलं नव्हतं. तू जेवलीस, अप्पा नायगावला कंपनीच्या गोदामावर गेले, मी भांडी घासली. एवढीच सकाळ.

तुझा फोन लागत नाही. तू माझा नंबर बंद करून टाकला आहेस हे मला वाचनालयातल्या महामायाताईंनी समजावून सांगितलं. म्हणून हे पत्र. लातूरचा पत्ता तुझ्या जुन्या परीक्षेच्या पाकिटावरून घेतला. तू खोली बदलली नसशील असं धरून चालते.

तू पाठवलेला फोटो बघितला. अप्पा गेल्यावर महिन्याभरानं, त्यांचे कंपनीतले पैसे मिळावेत म्हणून नांदेडला केलेलं ते शपथपत्र. खाली माझी इंग्रजीतली सही. तू लिहिलंस, "कंपनी म्हणते वीरण्णांना मूलच नव्हतं. तूच तसं लिहून दिलंस. मग मी कोण?"

नोकरीत असताना माणूस गेला तर त्याच्या एका लेकराला तीन वर्षांच्या आत नोकरीत घेतात, हा कंपनीचा नियम मला तुझ्याकडूनच कळला. तू परीक्षांचा नाद सोडून त्यांच्या लातूरच्या ऑफिसात अर्ज केलास आणि हैदराबादच्या मोठ्या ऑफिसानं माझा कागद दाखवून तो परत पाठवला. आता बायकोनंच, म्हणजे मीच, नवीन शपथपत्र दिलं तर अर्ज पुन्हा घेणार, एकतीस मार्चच्या आत. हे सगळं मी नीट वाचलं आहे.

त्या दिवशी काय झालं ते सांगते. कोर्टाच्या बाहेर लिंबाखाली टायपिंगवाला बसतो, भीमाशंकर नाव. तो विचारत होता, मी सांगत होते. नाव, गाव, वय, कधी वारले. मग त्यानं मान वर न करता विचारलं, "इश्यू?" मला वाटलं, मरताना काही घोटाळा झाला का, काही तंटा होता का, असं विचारतो. मी म्हणाले, "नाही बाबा, काही इश्यू नाही. झोपेतच गेले."

"इश्यू नाही," तो म्हणाला आणि टाइप केलं.

उज्वला, आपल्याकडं हा शब्द कोण बोलत नाही? गॅस संपला तर इश्यू, गाडी उशिरा आली तर इश्यू, लग्नात मानपानावरून कुणी रुसलं तर इश्यू. कोर्टाच्या इंग्रजीत इश्यू म्हणजे लेकरू, हे मला कुठून ठाऊक असणार? तुझा फोटो आला, मी वाचनालयात जाऊन शब्दकोश काढला, तेव्हा कळलं.

बुधवारी नांदेडला जाते आणि नवीन शपथपत्र करून घेते.

मावशी


मुखेड
१७ फेब्रुवारी

उज्वला,

बुधवारी जाऊन आले. भीमाशंकर भेटला नाही. टेबल होतं, खुर्ची होती, माणूस नव्हता. पुन्हा जाईन.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. लातूरला जाताना तू शब्दांचं ते जाड पुस्तक कपाटावर टाकून गेलीस. अप्पा गेल्यावर घरात आवाज उरला नव्हता. एका दुपारी मी ते खाली काढलं. तू पाठ करायचीस तेव्हा ते शब्द माझ्या कानावरून गेलेलेच होते. ते दिसतात कसे एवढंच बघायचं होतं. माझी शाळा चौथीपर्यंत, पुढचं वाचन किराणाच्या पुड्यांच्या कागदांवर झालं. इंग्रजी अक्षरं मी तू पाचवीत होतीस तेव्हा तुझ्याबरोबर शिकले. तुला वाटायचं, मावशी माझा अभ्यास घेते.

त्यामुळं माझं इंग्रजी वरूनच सुरू झालं. पाणी कुठं मिळेल असं मला विचारता येत नाही, पण लॅकोनिक म्हणजे मोजकं बोलणारा, हे येतं. महामायाताई म्हणतात, "नीलाक्का, तुम्ही पाया खणला न्हाई आन् गच्ची बांधून राहिल्या." रोज चार वाजता मी त्यांच्याकडं पाच शब्द घेऊन जाते. त्या उच्चार सांगतात आणि वर चिडवतात. मागं दवाखान्यात मी डॉक्टरला सांगितलं, गुडघा लई मेलन्कॉली झालाय. त्यानं गोळी लिहून दिली. महामायाताई दोन दिवस हसत होत्या. पण खरं सांगते, गुडघा तसाच झाला होता, खिन्न.

शब्दप्रयोगांच्या पानांवर मी जास्त अडते. "इन द सेम बोट" असं होतं. मी वाचलं, एकाच बोटात. म्हटलं, अंगठ्यांबद्दल असेल. महामायाताई म्हणाल्या, "अहो, बोट म्हणजे नाव. दोघांवर सारखीच वेळ आली असं." मग म्हणाल्या, "पण आपल्या मुखेडात नाव कुठली? तुम्ही म्हणा, एकाच काळीपिवळीत."

दुपारी पुस्तक छातीवर ठेवून पडते. डोळा लागतो न लागतो तोवर शब्द सुटे होऊन फिरायला लागतात. एक शब्द आहे, गॉसमर. कार्तिकात तुरीच्या शेतावरून कोळ्याचे धागे तरंगत जातात, ऊन पडलं की चमकतात, मान वळवली की नाहीसे होतात. ते. लहानपणी मी ते शेकडो वेळा बघितले. आमच्या शेतात त्यांना कुणी काही म्हणत नव्हतं, म्हणून मी पण त्यांच्याबद्दल कधी कुणाशी बोलले नाही. चाळीस वर्षांनी नाव मिळालं तो सगळा दिवस मला ते धागे घरात दिसत राहिले. पंख्याखाली, माठावर, अप्पांच्या चपलांवर.

त्या चपला अजून दाराशीच आहेत. पुसते आणि ठेवते.

परवा दुपारी अप्पा स्वप्नात आले. गोदामाच्या दारात उभे, अंगावर बियाण्याची धूळ, आणि भराभर इंग्रजी बोलत होते. मला सगळं कळत होतं. मी मधे मधे "येस, येस" म्हणत होते. जाग आली तेव्हा एक शब्द आठवेना, फक्त ते कधी नव्हे ते एवढं बोलले याचा आनंद तोंडावर राहिला होता. चहा ठेवला. दोन कप काढले, मग एक परत ठेवला.

तुला हे वाचायला वेळ नसेल. तारीख माझ्या लक्षात आहे.

मावशी


मुखेड
२७ फेब्रुवारी

उज्वला,

काल महाशिवरात्र झाली. देवळात गर्दी होती, मी मागं खांबाला टेकून बसले. बायका कन्नडमधून गात होत्या. अर्धं कळत होतं, अर्धं नाही, आणि त्या न कळण्यातच मन पोहायला लागलं. त्यात वाटलं, आधीच्या दोन पत्रांत दोन खोट्या गोष्टी गेल्या आहेत.

पहिली. भीमाशंकर भेटला होता. मी त्याच्यासमोर बसले, त्याला सगळं सांगितलं. त्यानं चष्मा काढला. "अरे देवा," म्हणाला. "काकू, तुम्हीच म्हणल्या ना, इश्यू न्हाई?"

"मी म्हणाले, काही इश्यू नाही. काही त्रास झाला नाही, अशा अर्थानं."

"मी लेकरं विचारायलो होतो, काकू."

"मग लेकरं म्हणायचं की."

"रोज शंभर जणांना विचारतो. लोकं सांगतात, दोन इश्यू, तीन इश्यू. तुम्हीच पहिल्या." मग त्यानं खुर्ची जवळ घेतली. "हे बघा. नवीन शपथपत्र करायचं म्हणजे जुनं खोटं होतं असं आपल्या हातानं लिहून द्यायचं. शपथेवर खोटं सांगणं गुन्हा हाय. कंपनी कोर्टात गेली तर तुमचं नाव, माझं बी नाव. पोरगी शिकलेली हाय, दुसरी नोकरी लागंल. जाऊ द्या न्हाई का."

मी उठले आणि दुपारच्या एसटीनं परत आले. भ्याले. तुला लिहिताना भ्याले असं लिहवलं नाही, म्हणून त्याची खुर्ची रिकामी केली.

दुसरी गोष्ट मोठी आहे. इश्यूचा अर्थ मला तुझ्या फोटोमुळं कळला नाही. मागच्या श्रावणात कळला.

एका शब्दाचे अनेक अर्थ असं पान होतं. पाच शब्दांत तोही होता. महामायाताई बोटांवर मोजत सांगत होत्या, "प्रश्न, वादाचा मुद्दा, मासिकाचा अंक. आन् वकिलांच्या भाषेत संतती." मी विचारलं, "विदाउट इश्यू म्हणजे?" त्या म्हणाल्या, "निपुत्रिक. मागं लेकरू न ठेवता गेलेला." आणि पुढच्या शब्दाकडं वळल्या. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "काय झालं, नीलाक्का?" मी म्हणाले, "काही नाही."

घरी येऊन पेटीतली नक्कल काढली. बोट ठेवून वाचली. डाइड विदाउट इश्यू. तोपर्यंत त्या ओळीचा अर्थ मी लावत होते, कुणाला त्रास न देता गेले. किती वेळा वाचली होती, सांगता येणार नाही. मला वाटायचं, भीमाशंकरनं किती थोडक्यात आणि चांगलं लिहिलं, अगदी अप्पांसारखं.

त्याच दिवशी तुला सांगता आलं असतं. तू दर रविवारी फोन करायचीस. पुस्तकं, जेवण, पाणी येतं का, असं सगळं झालं की शेवटी विचारायचीस, "मग मावशी, काय इश्यू न्हाई ना?" आणि मी म्हणायचे, "काही इश्यू नाही." सहा महिने झाले, उज्वला. एकही रविवार तू चुकवला नाहीस.

का गप्प बसले, ते सांगते. आधी लाज वाटली. मग वाटलं, कागद हैदराबादच्या कपाटात पडून आहे, कोण बघतंय. पण खरं कारण याच्या खाली आहे आणि ते मला नीट सांगता येईल का, माहीत नाही.

लेकरू होत नाही म्हणून पहिल्या घरानं मला परत पाठवलं होतं. हे तुला अर्धंमुर्धं माहीत आहे. तुझ्या अप्पांनी मला करून घेतलं, कारण त्यांना लेकरू होतं आणि ते सांभाळायला कुणीतरी पाहिजे होतं. तू नऊ वर्षांची होतीस. आजीनं तुला सांगितलं, हिला मावशी म्हण. तुझ्या आईचा, अव्वाचा फोटो भिंतीवर होता, तो मीच रोज पुसायचे. तुझं आणि अप्पांचं जे काही होतं ते मी यायच्या आधीच ठरून गेलेलं होतं. त्यात मला कुणी कमी केलं नाही. अप्पा एका शब्दानं कधी बोलले नाहीत. पण रोज संध्याकाळी ते गाडी लावायच्या आधी तुला हाक मारायचे. अठरा वर्षांत कधी मला आधी हाक मारली नाही.

त्या कागदावर मी एकटी होते. त्यांच्यामागं राहिलेली त्यांची बायको, बस. आणि तो शब्द तर माझाच होता. विदाउट इश्यू मी आहे, ते नव्हते. माझा शब्द चुकून त्यांच्या नावापुढं जाऊन बसला होता. दुपारी ती ओळ वाचत पडले की वाटायचं, एकदा तरी आम्ही दोघं सारखे झालो. मग झोप यायची. फार छान झोप यायची, उज्वला. त्या झोपेत तू नव्हतीस.

हे लिहिलं. आता तू काय करायचं ते कर.

मावशी


मुखेड
२२ मार्च

उज्वला,

धुळवडीच्या दिवशी तुझा मेसेज आला. "तिन्ही पत्रं वाचली. पत्रं नकोत. कागद पाहिजे."

तेव्हा हे पत्र थोडक्यात लिहिते.

मी महामायाताईंना सगळं सांगितलं. त्यांना आधी राग आला. "श्रावणात तुम्ही मला विचारलं आन् मी मास्तरीण होऊन अर्थ सांगत बसले. तुमच्या तोंडाकडं बघितलं बी होतं मी." मग बराच वेळ त्या पुस्तकांना शिक्के मारत राहिल्या. मी जायला उठले तेव्हा म्हणाल्या, "ॲट द इलेव्हन्थ अवर जाऊ नका म्हणजे झालं." मला वाटलं, अकराच्या आत पोचा म्हणतात; अगदी शेवटच्या घटकेला असा अर्थ आहे, ते नंतर कळलं. परवा गुरुवारी मी नऊलाच लिंबाखाली हजर होते. भीमाशंकरचं टेबलसुद्धा मांडलेलं नव्हतं.

तो आला, मला बघून त्यानं हात जोडले. "काकू, मी सांगितलं होतं ना."

"सांगितलं होतंस. आता टाइप कर."

"माझं नाव?"

"तुझं नाव कुठं येत नाही. विचारलं तू, उत्तर मी दिलं. सही माझी आहे."

त्यानं लिहायला घेतलं. कागद बाहेर आला तसा मी मागितला. तो म्हणाला, "तुम्ही कशाला त्रास घेता, मी वाचून दाखवतो." मी म्हणाले, "मागच्या वेळी तूच वाचून दाखवलंस." त्यानं दिला.

उज्वला, तो कागद मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. अर्धा तास लागला असेल. मागं तीन माणसं खोळंबली होती, एक म्हातारा म्हणाला, "आक्का, पेपर वाचून राहिल्या का काय?" एका ओळीवर इनॲडव्हर्टंटली होतं. म्हणजे नकळत, लक्ष नसल्यामुळं. ते बरोबर होतं, सही करताना मला कळलं नव्हतं. त्याच्या पुढच्या ओळीत होतं की ही चूक मला रिसेंटली कळली.

"हे काढ," मी म्हणाले. "रिसेंटली नाही. ऑगस्ट दोन हजार चोवीस घाल."

त्यानं मान वर केली. "काकू, तुम्हाला इंग्रजी येतं?"

"वरचं येतं. खालचं नाही."

"मग हे बी समजून घ्या. ऑगस्ट घातलं तर कंपनी म्हणंल, बाईनं मुद्दाम लपवलं."

"मुद्दामच लपवलं."

भीमाशंकरनं बोटं टेबलावर ठेवली आणि हळू आवाजात म्हणाला, "काकू, पोरीच्या अर्जाला एवढं लागत न्हाई. ती मुलगी हाय एवढं पुरं. हे कशाला अंगावर ओढून घेता?"

मी म्हणाले, "वर शपथ लिहिली आहेस ना? सगळं खरं आहे अशी? मग खरं घाल. आणि कंपनीशिवाय हे जी वाचणार आहे तिला महिना माहीत आहे."

"बरं. लपवलं याला काय घालू? सप्रेस्ड म्हणू?"

"कन्सील्ड. आय कन्सील्ड इट. लहान वाक्य कर."

त्यानं केलं. मग तुझी ओळ आली. त्यानं विचारलं, "तुमची सावत्र मुलगी ना? स्टेप-डॉटर लिहू?"

लिंबाची फुलं गळायला लागली आहेत, की-बोर्डवर पडत होती आणि तो ती फुंकून काढत होता. कुठल्यातरी झोपेतून वर यावं तसं मला दुरून सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. झेरॉक्सचं मशीन, एसटीचा हॉर्न, म्हाताऱ्याचं खोकणं. मी म्हणाले, "कागद त्यांचा आहे. त्यांची डॉटर. माझं तिचं काय नातं, ते कंपनीनं विचारलेलं नाही."

तर आता असं आहे: उज्वला, डॉटर अँड ओन्ली इश्यू ऑफ लेट वीरण्णा. तुझा शाळा सोडल्याचा दाखला मी सोबत जोडला. नोटरीनं विचारलं, वाचून समजून सही करताय ना? मी हो म्हणाले. मागच्या वेळी पण हो म्हणाले होते. या वेळी अक्षर जरा वाकडं आलं आहे, पण वाचता येतं.

भीमाशंकर म्हणाला, कागद रजिस्टर टपालानं पाठवा, चार-पाच दिवसांत पोचतो. मी हो म्हणाले आणि संध्याकाळच्या गाडीनं मुखेडला आले. दिवाबत्ती केली, अव्वाचा आणि अप्पांचा, दोन्ही फोटो पुसले. कागद पिशवीतून काढून पुन्हा एकदा वाचला.

दुसऱ्या दिवशी मी देगलूरला जाऊन हैदराबादची गाडी धरली, कागद कंपनीच्या ऑफिसात हातात दिला आणि शिक्का मारलेली पोच घेतली. ती आणि कागदाची एक नक्कल या पाकिटात आहे.

मावशी